रिकामी चिमटी

रोज सकाळी चहाच्या आधी मी माझ्या नवऱ्याच्या तोंडात गोळी घालायची आणि त्यानं माझ्या. लग्नाच्या कितीतरी आधीपासून आमचं हे चालू होतं. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

मी दैवशाला. लातुरात क्लासच्या पोरापोरींसाठी खानावळ चालवते. नवरा व्यंकट डबे पोचवतो, किराणा बघतो, आणि मी एखाद्या पोरावर खेकसले की मागून जाऊन त्याला लाडू देऊन येतो. आम्ही दोघंही एचआयव्ही घेऊनच जन्माला आलेले. आईबाप लवकर गेले, चुलत्या-मामांनी हात वर केले, आणि आम्ही परळीकडच्या माळावरच्या एका वसतिगृहात वाढलो. तिथं सगळी आमच्यासारखीच पोरं. ते चालवायच्या काकी. त्या कुणाच्याच काकी नव्हत्या, पण कलेक्टर आला तरी त्यानंही काकीच म्हणावं असा त्यांचा दरारा होता.

तिथं संदीपान नावाचा एक मुलगा होता. गोळीनं त्याला मळमळायचं. म्हणून तो ती जिभेखाली धरून ठेवायचा आणि बाहेर जाऊन पेरूच्या बुडाला थुंकून यायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. एका हिवाळ्यात त्याला ताप आला तो उतरलाच नाही. व्यंकट त्याच्या शेजारच्या गादीवर झोपायचा. त्यानं ते सगळं बघितलं. त्यानंतर काकींनी नियम केला, की आपली गोळी आपण घ्यायची नाही. रांगेत शेजारी उभा असेल त्यानं ती चिमटीत धरून तुमच्या जिभेवर ठेवायची, पाणी पाजायचं आणि म्हणायचं, "आ कर, दाखव." जीभ उचलून दाखवायची. मग तुम्ही त्याला भरवायचं. संदीपानच्या रिकाम्या जागेवर काकींनी मला उभं केलं, म्हणून व्यंकटच्या वाट्याला मी आले.

आमच्या लग्नात घास भरवायची वेळ आली तेव्हा वसतिगृहातली सगळी टोळी एका सुरात ओरडली होती, "आ कर, दाखव." वऱ्हाडातल्या बाकीच्यांना काही कळेना. तेव्हापासून चारचौघांत मी त्याला अहो म्हणते आणि घरात व्यंक्या. भरवायची रीत लग्नानंतरही राहिली. तोंड उघडून बघणं मात्र सुटलं. नवरा-बायकोत कसली आलीय तपासणी, असं आम्हाला वाटलं.

पुढं सहा महिन्यांतून एकदा घ्यायची सुई आली आणि आमच्या वयाची बहुतेक सगळी तिच्यावर गेली. मला ती मानवली नाही; टोचलेली जागा सुजून लाल झाली, ताप हटेना, तेव्हा मला परत गोळीवर आणलं. व्यंकटला ती मानवली असती. त्यानं घेतलीच नाही.

"तू गोळी घेणार आन् मी सुई टोचून मोकळा व्हायचं? मग तुला भरवायचं कुणी?" तो म्हणाला. मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा.

तिशी ओलांडली आणि माझी मूत्रपिंडं कुरकुरायला लागली. इतक्या वर्षांच्या औषधांचा निचरा त्यांनीच केलेला. औषध बदलावं तर माझा विषाणू बाकीच्या औषधांना सरावला होता, दाद देईना. चालत होती ती एकच गोळी, व्यंकटची होती तीच, आणि तीच माझी मूत्रपिंडं खात होती. चालू ठेवली तर काही वर्षांत डायलिसिस, बंद केली तर संदीपानची गत. असं दोन्हीकडून अडल्यावर रक्तपेशी केंद्रातल्या डॉ. तस्नीम काझींनी आम्हाला बोलावून घेतलं. नव्या उपचाराची चाचणी चालू होती आणि माझ्यासारख्या अडलेल्यांनाच त्यात घेणार होते.

काझी मॅडम समजावून सांगणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, अंगाची राखण करणाऱ्या. विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो. पेशीच्या अंगावर एक खिटी असते, ती धरूनच त्याला आत जाता येतं. तर या पेशी माझ्या रक्तातून काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकातली खिटीची ओळ कापून टाकायची, म्हणजे खिटी उगवतच नाही आणि विषाणू बाहेरच राहतो. हे पहिलं काम. दुसरं काम म्हणजे त्याच पेशींत एक नवं जनुक घालायचं. त्यानं पेशीच्या अंगावर एक गळ तयार होतो. विषाणू ज्या पेशीत जागा होतो, तिच्या अंगावर त्याच्या खुणा उमटतात. त्या खुणेत गळ अडकला की आपली पेशी त्या आजारी पेशीला मारते, आणि मारता मारता स्वतः वाढत जाते, एकीच्या दोन, दोनाच्या चार.

"मग गोळी?" मी विचारलं.

"गोळी बंद करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "नीट ऐका, दैवशालाताई, सगळं यावरच आहे. गोळी विषाणूला मारत नाही, झोपवते. झोपलेला विषाणू खुणा दाखवत नाही. मग आपल्या पेशींना धरायला काही मिळत नाही, आणि ज्यांना काही मिळत नाही त्या हळूहळू मरून जातात. म्हणून गोळी थांबवायची आणि विषाणूला डोकं वर काढू द्यायचं. तुम्हाला ताप येईल, गाठी येतील. तो ताप यायलाच पाहिजे."

"आन् पेशींनी नाहीच धरलं तर?" व्यंकटनं विचारलं.

"रोज घरी बोटातल्या रक्ताचा थेंब तपासणीच्या या डबीत टाकायचा. विषाणू किती आहे ते तुम्हालाही दिसेल, आम्हालाही. त्याची एक रेषा ठरवली आहे. ती ओलांडली तर गोळी लगेच परत सुरू."

"म्हणजे हिला ताप येऊ द्यायचा आन् आपण बघत बसायचं."

"हो," मॅडम म्हणाल्या.

त्यानं ती डबी उचलून बघितली. मग विचारलं, "आन् धरलं तर?"

"तर गोळीची गरजच राहणार नाही. विषाणूशिवाय जगता येईल."

"हिला."

"सध्या यांनाच. चाचणीत फक्त मूत्रपिंडं बिघडलेलेच घेतलेत. तुमची तब्येत चांगली ठणठणीत आहे."

बाहेर आल्यावर गाडी काढता काढता व्यंकट म्हणाला, "ठणठणीत माणसाला या जगात काही मिळत नाही बघ." तो हसला, मीही हसले. त्यात आणखी काही असेल असं मला वाटलं नाही.

माझ्या पेशी काढल्या तेव्हा अर्धा दिवस मी खुर्चीत पडून होते. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, पांढऱ्या पेशी गाळून दुसऱ्या हातातून परत यायचं. त्या पेशींना मॅडम 'सुधारित पेशी' म्हणायच्या. मी त्यांना पोरी म्हणायला लागले. घरातून निघाल्या, वसतिगृहात गेल्या, चार गोष्टी शिकून परत येणार, म्हणजे पोरीच की. व्यंकटनं तेच उचललं. "पोरींचा काही निरोप?" असं रोज विचारायचा. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे हा विनोद आमच्या घरात जरा जास्तच रमला.

पोरी परत सोडायच्या आधी त्यांना अंगात जागा व्हावी म्हणून मला केमोची हलकी मात्रा दिली. हलकी म्हणे. माझे केस गेले, तोंडाची चव गेली, आणि जिना चढताना मध्येच बसावं लागायला लागलं. खानावळ मी एका ओळखीच्या बाईवर सोपवली. मग एके दिवशी एवढीशी पिशवी माझ्या हाताला लावली आणि चहा व्हायच्या आत पोरी घरात आल्या. त्या आठवड्यात केमोचा थोडा ताप येऊन गेला.

माझा गोळ्यांचा डबा केंद्रानं परत घेतला. शेवटची गोळी व्यंकटनं मला भरवली तेव्हा त्याची चिमटी जिभेवर जरा जास्त वेळ राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला भरवायची आणि तो पाणी पिऊन गडबडीनं स्वयंपाकघरात जायचा. माझ्यासाठी हुलग्याचं माडगं करायला. आमच्याकडं आजाऱ्याला तेच देतात. गूळ, सुंठ घालून, गरम गरम. एरवी या माणसाला साधा चहा करताना दूध उतू जातं. पण ते माडगं त्यानं एक दिवस चुकवलं नाही. मला ते कडू लागायचं.

"गूळ घालायला हात आखडतोस का रे?" मी म्हणायची.

"भरपूर घातलाय. तुझं तोंडच कडू झालंय."

मला ते पटलं. मॅडमनीच सांगितलं होतं, चव यायला वेळ लागेल.

आठवडे गेले. रोज डबीत थेंब टाकायचा, रोज डबी सांगायची, विषाणू नाही. ताप नाही, गाठी नाहीत. केंद्रातल्या नर्सबाई मला बघितलं की अंगठा दाखवायच्या. वसतिगृहातल्या जुन्या टोळीचे फोन यायला लागले. मी सगळ्यांना सांगत सुटले, की माझ्या पोरी भलत्या हुशार निघाल्या, त्यानं डोकं वर काढायच्या आतच त्याला दाबून टाकलं. व्यंकट बाजूला बसून हे ऐकायचा. तो खंगत चालला होता. गालफडं बसली होती, खोकायचा. माझ्या सेवेनं दमलाय असं मी धरून चालले. आपलं दुखणं असलं की दुसऱ्याचं दिसत नाही हेच खरं.

काझी मॅडम मात्र खूश नव्हत्या. एकदा व्यंकट डबे पोचवायला गेला होता तेव्हा त्यांनी मला एकटीलाच बोलावलं. दार लावून घेतलं.

"ताई, तुमच्या पेशी कमी होताहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येक तपासणीत आधीपेक्षा कमी. आणि मूत्रपिंडं गोळी बंद केल्यावर सावरायला हवी होती, ती आणखी घसरली. विषाणू नाही, ताप नाही, आणि पेशी मरताहेत, हे एकत्र कसं जुळायचं? म्हणून मी तुमच्या रक्तात औषध तपासलं."

त्यांनी अहवाल माझ्यापुढं सरकवला.

"रक्तात गोळीचं औषध आहे. ताई, तुम्ही गोळी घेताय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी? माझा डबा तुमच्या कपाटात आहे. मी खोटं बोलते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मला एवढंच म्हणायचंय की औषध आपोआप रक्तात येत नाही. असंच राहिलं तर मला तुम्हाला चाचणीतून काढावं लागेल, आणि मग तुमच्या मूत्रपिंडांसाठी माझ्याकडे दुसरं काही नाही. उद्या या. विचार करून या."

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते. घरी आले, दाराशी व्यंकटच्या चपला दिसल्या, आतून सुंठीचा वास आला, आणि माझं भांडण तिथंच थांबलं. कितीतरी दिवस माझ्या पोटात गेलेला प्रत्येक घास त्याच्या हातचा होता. पण गोळी तर मी स्वतः त्याच्या तोंडात घालत होते, स्वतः पाणी देत होते. मग उरते कुठून? त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. माडगं नको म्हणाले, भूक नाही म्हणाले.

सकाळी मी त्याची गोळी चिमटीत धरली, त्याच्या जिभेवर ठेवली, पेला दिला. तो पाणी प्यायला आणि नेहमीसारखा स्वयंपाकघराकडे वळला.

"थांब," मी म्हटलं. "आ कर, दाखव."

तो पाठमोराच उभा राहिला.

"व्यंक्या, इकडं बघ. आ कर."

तो वळला. तोंड मिटलेलं, ओठ पांढरे पडलेले. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि वाट बघत राहिले. शेवटी त्यानं तोंड उघडलं आणि जीभ उचलली. खाली गोळी होती, कडेनं विरघळायला लागलेली. संदीपान धरायचा तशी, तिथंच.

मी खाली बसले.

"कधीपासून?"

त्यानं गोळी तळहातावर काढली. "पोरी आत सोडल्या त्याच आठवड्यात तुला ताप आला होता बघ. तवापासून."

"तो केमोचा ताप होता, येड्या."

"मला काय माहीत कशाचा. संदीपानलाबी आधी तापच आला होता."

"आणि ती गोळी कुटून माडग्यात घालायचास."

"गूळ जास्त घालत होतो," तो म्हणाला.

मला हसू आलं, खरं सांगते, आणि लगेच त्याचा गळा धरावासा वाटला. मी खानावळवाली बाई. माझ्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नाही, पैसे नसलेलंसुद्धा. आणि माझ्या पोरी माझ्याच अंगात उपासमारीनं मरत होत्या, माझ्याच नवऱ्याच्या हातानं. आणि हा स्वतः इतके दिवस गोळीशिवाय खोकत फिरत होता. एवढं मी त्याला जसं सुचेल तसं सुनावलं. शेजारीपाजारी ऐकतील याचंही भान राहिलं नाही.

"मॅडमनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तुला कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं. सगळं कळलं होतं. पण सकाळ झाली की हात ऐकत नव्हता, दैवू."

मी त्याच्याकडं बघितलं. पंचवीसेक वर्षं मी हा चेहरा बघतेय. त्याच्यात आणखी काही होतं, आणि ते मला दिसलं.

"खरं सांग," मी म्हटलं. "मी मरेन म्हणून देत होतास, का बरी होईन म्हणून?"

त्यानं तळहाताकडं बघितलं. हातातली गोळी ओली होऊन पसरायला लागली होती.

"दोन्हीबी," तो म्हणाला. "तू बरी झालीस की सकाळी उठून सरळ चहा पिशील. मग माझं काय काम?"

"इतकी वर्षं मी तुझ्याजवळ गोळीसाठी राहिले, असं वाटतं तुला?"

"माहीत नाही. गोळीशिवाय आपण कधी राहूनच बघितलं नाही."

ते खरं होतं. मी त्याच्याजवळ सरकले आणि आम्ही दोघंही तिथंच जमिनीवर बसून रडलो. मग मी त्याच्या डब्यातली नवी गोळी काढली, भरवली, आणि त्याची जीभ उचलून स्वतः बघितलं.

काझी मॅडमना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्या चिडल्या, पण आवाज न चढवता, आणि ते जास्त लागतं. व्यंकटचं रक्त तपासलं. त्याचा विषाणू उसळला होता, आणि तोंडात विरघळणारा थोडासा चुरा त्याला रोज मिळत राहिल्यानं विषाणू त्यातल्या एका औषधाला सरावला होता. आता त्याची गोळी बदलणार, एकीच्या जागी तीन होणार, दोन सकाळी आणि एक संध्याकाळी. तो मान खाली घालून ऐकत होता. स्वतःबद्दल त्यानं एक शब्द विचारला नाही.

"हिच्या पोरींचं काय?" एवढंच म्हणाला.

मॅडमना पोरी म्हणजे काय ते मी सांगितलं. त्यांचा चेहरा जरा मऊ झाला. "एक पिशवी गोठवून ठेवलेली आहे," त्या म्हणाल्या. "चाचणीच्या समितीला सगळं जसं घडलं तसं कळवते. त्यांनी होकार दिला तर ती देऊ. पण ती शेवटची. आणि या वेळी ताई वॉर्डात राहतील, जेवण आमचं, भेटायची वेळ आमची."

"मी घरी राहणार," मी म्हटलं.

"अजूनही?" मॅडम म्हणाल्या.

"वॉर्डात तुम्ही गोळी बंद कराल. मग ती तुम्ही बंद केली असं होईल. ती ह्यांनी बंद करायला पाहिजे. नाही तर मी बरी होऊन घरी आले तरी आमच्या घरात काही बरं झालेलं नसेल."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, मग व्यंकटकडं. "जमेल का तुम्हाला?"

"माहीत नाही," तो म्हणाला. मॅडमना ते उत्तर का कोण जाणे पटलं. माझं रक्त एक दिवसाआड औषधासाठी तपासायचं, या अटीवर त्यांनी घरी राहू दिलं. समितीचा होकारही आला.

दुसरी पिशवी आत गेली. काही दिवस शांततेत गेले. मग डबीतला आकडा हलला. आधी थोडा, मग रोज दुप्पट. मग ताप आला.

मी ताप बघितलेला नाही असं नाही, पण हा वेगळाच होता. हाडात शिरलेला. गळ्याला, काखेत गाठी टरारून आल्या, पाणी गिळताना सुया टोचायच्या. त्या दुपारी खाली खानावळीत जेवायला आलेल्या पोरांचा गलका ऐकू येत होता, ताटं वाजत होती, आणि मला वाटलं, आता पुरे. माझ्याच्यानं हे होत नाही. व्यंकट उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होता.

"व्यंक्या, दे."

"काय?"

"तुला माहीत आहे काय. तुझ्या जुन्या डब्यातली दे एक."

त्याचा हात पट्टीवर थांबला. "न्हाय," तो म्हणाला.

"मी मरायले रे."

"आत्ताच मॅडमशी बोललोय. रेषा अजून लांब हाय. रेषा ओलांडली तर मी स्वतः भरवीन. तोवर न्हाय."

"अर्धी दे."

"पावबी न्हाय."

मग मी त्याला शिव्या दिल्या. वसतिगृहात शिकलेल्या सगळ्या. तेवढ्यानं भागेना तेव्हा बोलू नये ते बोलले. "संदीपानला मरताना बघितलंस, आता मला बघत बस."

त्याचा चेहरा कोणी मुठीत धरून पिळावा तसा झाला. मला वाटलं, आता उठेल आणि डबा आणेल. उठला नाही.

"बघतो," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही त्यानं हात काढला नाही. पट्टी पिळली आणि परत माझ्या कपाळावर ठेवली. तसाच बसून राहिला, तो दिवस आणि पुढचे दिवसही. डबीतला आकडा रोज मोठ्यानं वाचून दाखवायचा, कुठलाही लपवला नाही. रेषेच्या जवळ गेला तेव्हाही वाचला, फक्त आवाज फाटला.

मग एका सकाळी त्यानं आकडा वाचला, थांबला, चष्मा पुसला आणि परत वाचला. आदल्या दिवसापेक्षा कमी होता. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. काझी मॅडम स्वतः घरी आल्या, जिना चढून, धापा टाकत. हातात माझ्या पेशींचा अहवाल होता. पोरी इतक्या वाढल्या होत्या की मॅडमना आधी यंत्राची चूक वाटली.

"पोरी जेवल्या, ताई," त्या म्हणाल्या. व्यंकट जिन्यात जाऊन उभा राहिला, बराच वेळ आत आलाच नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. बरी झाले असं मॅडम अजून म्हणत नाहीत; सापडत नाही, असं म्हणतात. मूत्रपिंडं जिथं होती तिथं थांबली आहेत, तेवढंही मला पुष्कळ आहे. केस आले, ते कुरळे आले. खानावळ परत माझ्या ताब्यात आहे आणि पोरांना परत लाडू मिळायला लागलेत. व्यंकटच्या नव्या गोळ्यांनी त्याला मळमळतं. पुढच्या चाचणीत त्याच्यासारख्यांनाही घेतील असं मॅडम म्हणतात, पण ते कधी, हे त्यांनाही सांगता येत नाही. तोवर त्याच्या गोळ्या चालूच.

सकाळी चहाच्या आधी मी त्याला भरवते. त्याला पाणी देते आणि म्हणते, "आ कर, दाखव." तो जीभ उचलून दाखवतो. आता रोज बघते मी, सोडत नाही.

ताप उतरल्यानंतरच्या पहिल्या सकाळी त्याला भरवून मी चहाला उठणार, तर त्यानं मनगट धरून मला खाली बसवलं. त्याचा हात वर आला, बोटं चिमटीत मिटलेली. मला माडगं आठवलं. त्यानं ती चिमटी माझ्या तोंडासमोर उघडली. आत काही नव्हतं. मग ती परत मिटून त्यानं माझ्या जिभेवर टेकवली, पेला माझ्या ओठाला लावला, आणि मी मुकाट्यानं पाणी प्यायले.

"आ कर, दाखव," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं, जीभ उचलली. त्यानं वाकून बघितलं, या बाजूनं, त्या बाजूनं, अगदी काकी बघायच्या तसं नीट.

"काही न्हाय," तो म्हणाला.

आता रोज असंच करतो. मग आम्ही चहा पितो.